अर्ध्या कपाळाचा घाम

जत्रेच्या कुस्त्यांना यंदा पाहुणा कोण, यावर वाडीत आठ दिवस पैजा लागल्या होत्या. कुणी आमदार म्हणत होतं, कुणी कारखान्याचा चेअरमन. दुष्काळ सरल्यानंतरची ही पहिली धड जत्रा, त्यामुळं पाहुणाही तोलामोलाचा हवा होता. लालासाहेब वस्तादांनी मात्र शेवटपर्यंत मूठ उघडली नाही. हलगी वाजवत दवंडी फिरली तेव्हा कळलं, की पाहुणा डॉक्टर आहे, आणि तोही साधासुधा नव्हे, डॉक्टरांना डॉक्टर करणारा.

"म्हंजी डागदरांचा वस्ताद," तालमीच्या कट्ट्यावर मांडी ठोकून लालासाहेबांनी खुलासा केला. "आपल्या मानसिंगचा गुरू. खरशीकर सर."

गुरू या माणसाबद्दल लालासाहेबांचं मत पक्कं होतं. त्यांच्या स्वतःच्या वस्तादांनी एकदा त्यांना अशी थोबाडीत ठेवून दिली होती, की आवाज कराडच्या संगमापर्यंत गेला. तिथं धुणं धुणाऱ्या बायका दचकल्या, त्यांच्या हातची लुगडी कृष्णेत सुटली आणि चौथ्या दिवशी ती सांगलीच्या घाटावर सापडली. घड्या घातलेली. ही गोष्ट सांगताना लालासाहेब गालावरून असा हात फिरवत, जणू तिथं अजून कुणी अत्तर लावून ठेवलंय. वस्ताद ज्याला चारचौघांत शिव्या घालतो त्याच्यावर त्याचा जीव असतो, आणि ज्याच्याशी गोड बोलतो त्याला नुसता खुराक खायला ठेवलेला असतो, हे त्यांनी तालमीतल्या तीन पिढ्यांना शिकवलं होतं.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी मेडिकल कॉलेजातून पुतण्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते तालमीत मोठ्यानं वाचून घेतलं होतं आणि पेढे वाटले होते. पत्रात मानसिंगनं लिहिलं होतं, "सर मला रोज सगळ्यांच्या पुढे बोलावतात."

त्यानंतर मानसिंग शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा मेडिसिनच्या तोंडी परीक्षेत. तिसरी खेप पंधरा दिवसांवर आली होती. परीक्षक तेच, खरशीकर. लालासाहेब आणि त्यांचा धाकटा भाऊ आकाराम, मानसिंगचा बाप, निवृत्त सुभेदार, दोघं सरांच्या घरी जाऊन आमंत्रण देऊन आले. सर मूळचे वाईचे, कुस्तीचे शौकीन. लगेच हो म्हणाले. मानसिंगचं नाव मात्र या दोघांनी काढलं नाही.

"नाव कशाला काढायचं?" परत येताना एसटीत लालासाहेब म्हणाले. "वस्तादाला पठ्ठ्याची वळख सांगणं म्हंजी त्याचा अपमान. त्याला ठावं असतंय."

"बरोबर हाय, दादा," आकाराम म्हणाला. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला वरच्याचं म्हणणं बरोबरच वाटतं.

*

बनुबाईला मात्र चार दिवसांपासून चैन पडेना. लेक सुट्टीला आला होता आणि घरात असा वावरत होता, की जणू भाड्यानं राहतोय. सहा फुटांचा गडी, तालमीत वाढलेला, पण दारातून येताना अंग चोरून येई. कुणी हाक मारली की आधी दचके, मग ओ देई.

जत्रेच्या सकाळी ती पुरण वाटत होती. बाकीच्यांना मटण होतं, सरांसाठी पुरणपोळी. थोरली जाऊ साळूबाई चुलीशी बसून बोलत होती. साळूबाईचं बोलणं म्हणजे हरभऱ्याचं भरडणं, थांबत नसे.

"कर, कर. चांगलं मऊ वाट. माझ्या कृष्णातानं शाळा सोडून नांगर धरला तवा कुणी पुरण घातलं न्हाई. तुझ्या डागदरापायी सगळा गाव नाचायला लागलाय."

"आक्का, आज नगा बोलू."

"का? आज काय सुतक हाय?"

तेवढ्यात मानसिंग मागच्या दारात येऊन उभा राहिला.

"आय, सरांना कशाला बोलावलं?"

"तुझ्यासाठीच की रं बाळा. तुझ्या थोरल्या आबांना वाटलं..."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

त्यानं उंबऱ्याकडं पाहिलं. बनुबाईला हे गप्प राहणं आता ओळखीचं झालं होतं. पहिल्या नापासाच्या वेळी तिला वाटलं, अभ्यास कमी पडला. दुसऱ्या वेळी तिनं त्याला दिव्याशी बसून पुस्तक वाचताना पाहिलं होतं. ओठ हलत होते, इंग्रजी झरझर पळत होतं, एक अक्षर अडत नव्हतं. समोर भिंत होती म्हणून. बनुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भिंतीशी बोलणारा माणूस आणि माणसाशी बोलणारा माणूस यातला फरक तिला कळत होता.

"तुला काय केलं रं त्या मास्तरानं?" तिनं हळूच विचारलं.

"काय न्हाई," मानसिंग म्हणाला आणि गेला.

साळूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

*

मानसिंग तालमीच्या मागच्या पायरीवर जाऊन बसला. काय केलं, हे तो कुणाला सांगणार होता?

वॉर्डातल्या पहिल्या दिवशी त्यानं एका म्हातारीला विचारलं होतं, "आजी, लय दुकतंय का? कवापास्नं दुकतंय?" म्हातारी खुलली, सगळं सांगायला लागली. सर मागं उभे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

"यांच्यात पेशंट कोण आणि डॉक्टर कोण, कुणी सांगेल का मला?" सर म्हणाले. पंचवीस मुलं हसली. मग सर म्हणाले, "हीच केस इंग्रजीत सांगा." पहिलं वाक्य मध्येच अडकलं. दुसरं आलंच नाही. त्या दिवशी शेजारची नऊ नंबरची खाट रिकामी होती.

"शर्ट काढ आणि झोप तिथं," सर अगदी थट्टेनं म्हणाले. "तोंड चालत नाही तर निदान पोट तरी कामाला येईल."

तालमीत कमावलेलं अंग. सरांनी त्यावर निळ्या शाईनं रेघा मारल्या, लिव्हर कुठपर्यंत, हृदय कुठपर्यंत, आणि पंचवीस मुलांनी रांगेत येऊन बोटं टेकवली. दुसऱ्या दिवशी सर वॉर्डात आले आणि म्हणाले, "नऊ नंबर, चला." तिसऱ्या दिवशीही. असं दीड महिना. खाट रिकामी नसली तर टेबलावर. होस्टेलच्या नळावर तो रोज संध्याकाळी पोटावरची शाई घासून काढी आणि मग घरी पत्र लिही. सर मला रोज सगळ्यांच्या पुढे बोलावतात. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मधले तीन महिने मात्र वेगळे गेले. वॉर्डाच्या रजिस्ट्रार म्हणून गोदावरी ताम्हणकर मॅडम आल्या. बुटक्या, चष्म्यावाल्या, नेहमी घाईत. त्या म्हणाल्या, "आधी मराठीत सांग. दुखणं त्या माणसाला मराठीतच झालंय. इंग्रजी आपण नंतर करू." आणि खरोखरच तोंड उघडलं. एकदा एसटीचा एक ड्रायव्हर खांदा दुखतो म्हणून आला होता. सहा महिने मालिश करून थकलेला. मानसिंगनं त्याला विचारलं, "दादा, टोपी एकाच अंगानं मळलीया ती कशी?" ड्रायव्हर म्हणाला, "दुसऱ्या अंगाला घामच येत न्हाई की." मॅडमनी टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मग ड्रायव्हरचे डोळे पाहिले. एक पापणी किंचित खाली, एक बाहुली बारीक.

"मानसिंग," त्या म्हणाल्या, "हे मला दिसलं नव्हतं."

फुफ्फुसाच्या अगदी शेंड्याला गाठ होते, ती खांद्याकडून जाणाऱ्या नसा आवळते, आणि डोळ्याकडं नि घामाकडं जाणारी एक बारीक नसही. लवकर कळलं तर मुंबईला पाठवून काही करता येतं, असं मॅडम म्हणाल्या. ड्रायव्हरचं उशिरा कळलं होतं. तो दिवाळीपर्यंत होता.

त्या तीन महिन्यांच्या परीक्षेत मानसिंग वर्गात चौथा आला. मग मॅडमची बदली झाली. शेवटच्या परीक्षेत समोर खरशीकर सर बसले, त्यांनी नुसती मान वर केली, आणि मानसिंगला पोटावर शाई गार लागली.

*

सर बाराला आले. पांढरी फियाट, ओठात सिगारेट, अंगावर कडक इस्त्री. चैत्राचं ऊन असं, की लालासाहेबांच्या म्हणण्याप्रमाणं देवळाच्या फरशीवर टाकलेली ज्वारी लाही होऊन उडत होती. तरी मिरवणूक निघालीच. गुलाबी फेटा बांधला, हलगी कडाडली, पोरींनी ओवाळलं.

"डॉक्टरसाहेब, खांदा का चोळताय?" चालता चालता लालासाहेबांनी विचारलं.

"काही नाही हो. सहा महिने झाले, आखडलाय. इथून कळ निघते ती थेट करंगळीपर्यंत. गाडी चालवून होतं असं."

"मग आमी हाय कशाला! जेवण झालं की पाच मिंटं. हाड बसवायचं म्हंजी आमच्या घराण्याचा धंदा. माझ्या आजानं घोड्याचा खांदा बसवला व्हता. नुसता दुरनं बघून."

सर खळखळून हसले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे आधीच सांगायला हवं. पोरांना उचलून घेत होते, तालमीची माती कपाळाला लावत होते.

आकारामनं रुमाल पुढं केला. "घाम पुसा, साहेब. आवं, पर तुमच्या एकाच अंगाला घाम हाय की! उजव्या गालावर धारा लागल्यात, अन् डावा कोरडा."

"त्यात काय?" लालासाहेब लगेच म्हणाले. "आमच्या तालमीत ज्योतिबा म्हणून पैलवान व्हता. त्याला फक्त उजव्या बगलंत घाम यायचा. पर एवढा, की उन्हाळ्यात त्याच्या उजव्या अंगाला उभं राहून लोक म्हसरांना पाणी पाजायची." मिरवणूक हसली. सरही हसले आणि रुमाल परत दिला.

मागून, हलगीवाल्याच्या आडोशानं चालणारा मानसिंग हसला नाही. त्यानं मान वाकडी करून सरांच्या फेट्याकडं पाहिलं. उजवी कड भिजून गडद झाली होती. डावी कोरडी ठणठणीत.

हलगी पुढं गेली, तो जागीच राहिला.

*

जेवण तालमीत, गारव्याला. पंगतीत सर मध्ये, एका बाजूला लालासाहेब, दुसऱ्या बाजूला आकाराम, समोर गावातली चार शहाणी माणसं. बनुबाई आणि साळूबाई आतल्या दाराशी. मानसिंग तूप वाढायला उभा होता, कारण गुरूला शिष्यानंच वाढायचं, असं लालासाहेब आबांनी सांगितलं होतं.

तो वाकला. सरांनी डाव्या हातानं वाटी पुढं सारायचा प्रयत्न केला आणि बोटं नीट वळली नाहीत. मानसिंगला डोळा जवळून दिसला. पापणी अर्धी उतरलेली. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. तूप वाटीबाहेर गेलं.

"सावकाश, बाळ," सर म्हणाले.

लालासाहेबांनी हीच वेळ साधली. हात जोडले. "डॉक्टरसाहेब, आता थोरपणानं सांगा. आमचा पोरगा कसा हाय?"

"कोण मुलगा?"

"आमचा मानसिंग की."

"तुमचा मुलगा मेडिकलला आहे?" सरांना खरंच आनंद झाला. "कुठं?"

पंगतीतला घास पंगतीत राहिला. आकारामनं भावाकडं पाहिलं, भावानं सरांकडं. मग लालासाहेब हसले. त्यांना वाटलं, वस्ताद गंमत करतोय.

"ह्यो काय, तुमच्याम्होरं तूप वाढतोय त्यो!"

सरांनी मान वर करून नीट पाहिलं. चेहऱ्यावरून काही उमगेना. नजर खाली आली, रुंद छातीवर, तिथून पोटावर, आणि एकदम उजळली.

"अरे! नऊ नंबर!"

"आं?" आकाराम म्हणाला.

"नऊ नंबर हो आमचा! काय शरीर! शंभर मुलं तरी लिव्हर शिकली असतील याच्या पोटावर. रेघा मारून दाखवायला असं पोट मिळत नाही. झोपवला की काम झालं. अजिबात हलायचा नाही. मला आपलं वाटलं, हा वॉर्डबॉय होता की काय." सर प्रेमानं हसत होते. जुन्या, आवडत्या वस्तूची आठवण निघावी तसं. "विद्यार्थी का तू? परीक्षेला शेकडो येतात, चेहरे कुठले लक्षात राहायला! मग बोलायचा का नाहीस कधी?"

काही माणसं सरांच्या हसण्यात हसली, कारण पाहुणा हसला की हसायचं असतं. मग एकेक करून थांबली. शेवटी एकटा आकारामच हसत राहिला, थोडा वेळ, सावधानच्या पवित्र्यात बसून.

साळूबाई दारातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर घट्ट करत ती सरळ पंगतीच्या मध्ये उभी राहिली.

"माझ्या पुतण्याचं पोट काय बाजारात मांडलं व्हतं व्हय? शिकायला पाठवला व्हता आमी त्येला, का शिकवायला?"

"आत हो!" लालासाहेब ओरडले.

"न्हाई हुनार. तुमीच पेढं वाटलं व्हतं ह्येच्यासाठी. मी खाल्लाय त्यातला. अजून घशात हाय माझ्या."

बनुबाईनं पुढं होऊन जावेचा हात धरला, पण तिला आत ओढलं नाही. दोघी तिथंच उभ्या राहिल्या. तीस वर्षांत त्या दोघी एका बाजूला उभ्या असलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

सरांचा चेहरा उतरला. "बाई, तसा हेतू नव्हता. वॉर्डात चालतं हे. आमच्या सरांनी मला एकदा डबल न्यूमोनियाच्या पेशंटसमोर कान धरून उभं केलं होतं. त्याशिवाय शिकत नाही कुणी." ते आकारामकडं वळले. "हे बघा, परीक्षा पंधरा दिवसांवर आहे ना? याला येऊ दे. नाव सांगा मला, मी बघतो. नक्की सुटेल. माझा शब्द."

आकाराम उठून उभा राहिला. "साहेब, उपकार झालं. मानसिंग, पाया पड."

"का म्हणून पडायचं?" लालासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि लालासाहेबांचा आवाज खाली येणं ही गोष्टच भलती होती.

"दादा, साहेब पास करतो म्हणत्यात."

"आकाराम, वस्ताद मारतो तवा त्येला ठावं असतंय कुणाला मारतोय. ह्यांना ठावंच न्हवतं." त्यांनी पानावरचा हात मागं घेतला. "मी पोरांना मारलं. पोटच्या कृष्णातलाबी मारलं. पर नावं माहीत व्हती मला."

"फौजेत नंबरानंच..."

"फौजेचं सांगू नगंस!"

भाऊ भावाशी असं सगळ्यांदेखत पहिल्यांदाच बोलत होता. मानसिंग तुपाची वाटी घेऊन मधोमध उभा होता. त्याला यातलं काहीच नीट ऐकू येत नव्हतं. तो फेट्याकडं बघत होता.

"सर," तो म्हणाला.



"सर, खांदा... कवापास्नं दुकतोय?"

सरांनी सुटकेचा श्वास टाकला. तणाव मोडायला काहीतरी सापडलं होतं. "अरे वा, हिस्ट्री घेतोस? घे, घे. मंडळी, बघा तुमचा डॉक्टर. समजा मी केस. हीच परीक्षा. इथंच निकाल लावून टाकू. चल, प्रेझेंट कर."

"बोल रं, मानसिंग!" कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, कुस्तीला ओरडतात तसं. "सोडू नगंस!"

मानसिंगनं तोंड उघडलं. इंग्रजीतलं पहिलं वाक्य निम्म्यात अडकलं. सर थांबले, आणि काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "बरं, मराठीत सांग."

तसं कुणी म्हटल्याला दीड वर्ष झालं होतं.

"पेशंट पंचावन्न वर्षांचा," मानसिंग म्हणाला. आवाज घोगरा, पण होता. "रोज सिगारेट वढतो. डावा खांदा सहा महिनं दुखतोय. कळ हाताच्या आतल्या अंगानं करंगळीपर्यंत जाते. डाव्या हाताची बोटं नीट वळत न्हाईत. मघाशी वाटी धरता आली न्हाई."

"हं," सर म्हणाले. अजून हसत होते.

"डाव्या डोळ्याची पापणी उतरलीया. उजवीपेक्षा खाली. डावी बाहुली बारीक हाय."

"वय झालं, बाळ."

"अन् फेटा, सर."

"फेट्याचं काय?"

"एकाच अंगानं भिजलाय."

सरांनी उजव्या हातानं फेटा उचलून उतरवला. मांडीवर ठेवला. तांबूस, गडद, भिजलेली कड एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला दुकानातून आणल्यासारखा कोरडा गुलाबी रंग. त्यांनी बोटानं एक बाजू चाचपली, मग दुसरी. मग डावी पापणी. सावकाश, जशी ते वॉर्डात कुणाचीही चाचपत.

हसू गेलं होतं.

"निदान?" त्यांनी विचारलं.

मानसिंगच्या जिभेवर होतं. मराठीतही होतं, इंग्रजीतही होतं. ज्या शास्त्रज्ञाच्या नावानं ते दुखणं ओळखतात त्याचं नावही होतं. मुंबईच्या कुठल्या हॉस्पिटलात पाठवायचं तेही होतं.

"निदान, मानसिंग?"

सरांनी पहिल्यांदा नाव घेतलं, आणि मान वर करून पाहिलं. तशीच, वॉर्डातल्यासारखी. प्रश्न विचारल्यावर पाहायची त्यांची ती सवयच होती, त्यात राग नव्हता. उलट त्या नजरेत या वेळी काहीतरी मागणं होतं.

मानसिंगचा हात आपोआप वर आला. त्यानं शर्टाची पहिली गुंडी सोडली. मग दुसरी.

बनुबाईला आधी कळलं नाही पोरगं काय करतंय. मग कळलं, आणि तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला.

तिसऱ्या गुंडीला सर उठले. "नको," ते म्हणाले. "नको रे. राहू दे."

"माहीत न्हाई, सर," मानसिंग म्हणाला.

*

सर कुस्त्यांना थांबले नाहीत. अंग बरं नाही म्हणाले. फेटा त्यांनी परत दिला नाही, घडी न घालता मागच्या सीटवर टाकला. गाडीत बसताना आकारामला म्हणाले, "त्याला परीक्षेला पाठवा," पण मानसिंगकडं पाहून म्हणाले नाहीत. फियाट धूळ उडवत रेल्वेच्या फाटकाकडं गेली.

मैदानावर दोन हजार माणूस बसलं होतं. हलगी वाजत होती. लालासाहेब मात्र पुतण्याला बांधाकडं घेऊन गेले.

"काय हाय त्येला? खरं सांग."

मानसिंगनं सांगितलं. गाठ, फुफ्फुस, दिवाळी. तोंडातून सगळं धडाधडा बाहेर आलं, एक शब्द अडला नाही, इंग्रजी नावासकट.

लालासाहेबांनी फाटकाकडं पाहिलं. "त्यांना सोताला कळलंच असंल की."

"कळलं असंल. नसलंही. माणूस सोताचं सोताला सांगत न्हाई, आबा. सांगायचं काम माझं व्हतं."

"मग जा की! ते बघ, फाटक पडलंय. गाडी उभी हाय अजून. मिरजेची गाडी येतीया, पाच मिंटं तरी लागत्यात. पळ!"

खरंच फाटक पडलं होतं. पांढरी फियाट उन्हात उभी होती, मागच्या काचेतून फेट्याचा गुलाबी ठिपका दिसत होता. दोनशे पावलं असतील. मानसिंग शाळेत होता तेव्हा याच बांधावरून धावून त्यानं सगळ्या तालुक्याला हरवलं होतं. लालासाहेबांच्या सांगण्यात तर तो तेव्हा इतका वेगानं धावला होता, की त्याची सावली दुसऱ्या दिवशी घरी पोचली.

मानसिंग निघाला. वीस पावलं गेला. तीस गेला. फियाटच्या खिडकीतून सिगारेटचा धूर निघताना दिसला, आणि मग खिडकीत मान वर झाली. सर आरशात बघत होते की मागं, सांगता येत नव्हतं.

तो थांबला. जिथं थांबला तिथं उसाची लागण होती, ताजं पाणी दिलेलं. पाय चिखलात रुतले. त्यानं ते काढून घेतले नाहीत.

"पळ की रं!" मागून लालासाहेब ओरडले. मग जवळ आले आणि ओरडायचे थांबले. जन्मभर ज्यांनी पोरांना पाठीत गुद्दे घालून पुढं ढकललं, त्यांनी हात वर केला, आणि तो तसाच हवेत ठेवून खाली घेतला. आता मारावं की धरावं हे त्यांना कळेना.

मिरजेची गाडी आली, धडधडत गेली. फाटक उघडलं. फियाट रूळ ओलांडून कराडच्या रस्त्याला लागली.

"परीक्षा?" लालासाहेबांनी विचारलं.

"मी बसत न्हाई, आबा."

"दुसरे परीक्षक येत्याल. ते नसतील कदाचित..."

"ते नसले तरी असत्यात."

लालासाहेबांनी मान हलवली. तो प्रसंग पुढं त्यांनी अनेकदा सांगितला. पण त्यात कधी कुठलीही लुगडी वाहून गेली नाहीत, कुठलाही घोडा बरा झाला नाही. एवढी एकच गोष्ट ते जशी घडली तशी सांगत.

मैदानाच्या कडेला जाजम घालायचं राहिलं होतं. मानसिंग तिकडं गेला. कृष्णात एक टोक धरून उभाच होता. त्यानं नुसतं दुसरं टोक पुढं केलं. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरची सत्तरीची म्हातारी काठी टेकत त्याच्यापाशी आली. धाप लागली होती, बोलायलाही श्वास पुरत नव्हता.

"डागदर... जरा नाडी बघ की रं. मोठा डागदर आलाय म्हणून आले, पर..."

"डॉक्टर गेले, आजी," मानसिंग म्हणाला. "आत्ताच गेले."

"अन् तू?"

मानसिंगनं जाजमाचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि ते ओढत तो मागं मागं सरकत गेला.